२०१९ ची हॅचबॅक, रिन्यूअलला १४ हजार सांगतायत, यातलं काय काय काढू?

भांडुपकर_१९

नमस्कार मंडळी, गाडीचा इन्शुरन्स पुढच्या आठवड्यात संपतोय आणि एजंटने व्हॉट्सॲपवर जे कोटेशन टाकलंय ते बघून डोकं गरगरलं, म्हणून इथे विचारतोय. गाडी २०१९ ची पेट्रोल, ११९७ सीसी, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ३ लाख ४० हजार धरलीये, एनसीबी (क्लेम न घेतल्याची सूट) ४५ टक्के मिळतोय. फोड अशी: ओडी म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग २९०० (एनसीबी वजा जाऊन), टीपी म्हणजे थर्ड पार्टी ३४१६, पीए म्हणजे मालकाचा अपघात विमा ३७५, झिरो डेप (क्लेममध्ये पार्टचा घसारा कापत नाहीत) २३००, इंजिन प्रोटेक्ट ९००, टायर ७००, एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम घेतला तरी एनसीबी टिकतो) ५००, कन्झ्युमेबल्स ४५०, चावी हरवली तर ४००, रोडसाइड २००, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. टोटल १४,३२६.

वापर म्हणाल तर ऑफिसला लोकलनेच जातो, गाडी शनिवार-रविवार निघते, सासुरवाडी डोंबिवली, आणि गणपतीला गावी. बाकी आठवडाभर बिल्डिंगच्या बाहेर रस्त्यावर गुलमोहराखाली उभी, कारण सोसायटीत आमचा पार्किंगचा नंबर या जन्मी लागेल असं वाटत नाही. बजेट ९ हजार, फार तर साडेनऊ, जूनमध्ये पोराच्या शाळेची फी भरून झालीये. मित्र म्हणतो जुनी गाडी आहे, नुसती थर्ड पार्टी टाक आणि मोकळा हो. एजंट म्हणतो साहेब काहीच काढू नका. दोघांपैकी कोणाचं ऐकू?

निवांत_माणूस

मित्राचं ऐक. ३४१६ अधिक जीएसटी म्हणजे ४०३१ मध्ये काम झालं, पोलीस विचारणार नाही. कायद्याला टीपीच लागते, बाकी सगळा एजंटचा धंदा. माझी गाडी १४ वर्षांची आहे, मी कधीच फुल इन्शुरन्स काढला नाही.

रिटायर्ड_क्लेमवाला

निवांतराव, तुमच्या १४ वर्षांच्या गाडीला ते ठीक आहे, विकायला काढली तर किती येणार. या भावाची गाडी ३ लाख ४० हजारांची आहे आणि झाडाखाली उभी आहे, फरक पडतो ना. मी अनेक वर्षं क्लेम डिपार्टमेंटला काढली, थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

पहिलं म्हणजे टीपीचा दर सरकार ठरवतं, १००० ते १५०० सीसीला ३४१६ हा २०२२ मध्ये जाहीर झालेला आकडा, तो कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी तोच, त्यात घासाघीस होत नाही. घासाघीस होते ती ओडीत, २००७ पासून ओडीचे दर कंपन्यांना मोकळे सोडलेत, म्हणून एकाच गाडीला एक कंपनी २९०० सांगते आणि दुसरी ४२००. आता तुमच्या कागदावर बघा, टीपी तर भरायचीच आहे, तर नुसती टीपी आणि फुल यातला खरा फरक २९०० अधिक जीएसटी, म्हणजे ३४२२ रुपये. तेवढ्यात चोरी, आग, पूर, दंगल, अंगावर झाड पडणं, स्वतः ठोकणं सगळं आलं. गुलमोहराची फांदी पावसाळ्यात बॉनेटवर आली तर टीपी तुम्हाला एक दमडी देत नाही, टीपी समोरच्याचं नुकसान भरते. साडेतीन हजार वाचवायला साडेतीन लाख उघड्यावर ठेवायचे की नाही हे तुम्ही ठरवा, मी तरी ठेवणार नाही.

पीए मात्र बघा. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे पण तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. तुमच्या नावावर बाईक असेल आणि तिच्या पॉलिसीत तो असेल तर परत भरायची गरज नाही, २०१९ पासून हे सुटं घेता येतं.

आणि एक सांगतो, ऑनलाइन कोट काढताना १०० रुपये वाचवायला 'थर्ड पार्टी प्रॉपर्टी डॅमेज ६००० पर्यंत' असा पर्याय कधीकधी येतो, त्याला हात लावू नका. नेहमीची मर्यादा साडेसात लाख आहे. बांद्र्यात कोणाच्या महागड्या गाडीचा नुसता हेडलाइट फोडलात तरी ६००० कुठल्या कुठे जातील.

बॉडीशॉपवाला_मुलुंड

काका बरोबर बोलले पण झिरो डेपबद्दल गप्प बसले, म्हणून मी लिहितो. मी रोज बिलं बघतो. झिरो डेप नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या पार्टला सरळ ५० टक्के कट. आजच्या गाडीत प्लास्टिक काय नाही ते सांगा, बंपर, ग्रिल, हेडलॅम्प, मडगार्डचं लायनर, आरसा, सगळं प्लास्टिक. गाडी ५ ते १० वर्षांची असेल तर पत्र्यालाही ४० टक्के कट. काचेला कट नाही तेवढं बरं. वरून १५०० सीसीपर्यंत १००० रुपये कंपल्सरी तुमच्या खिशातून. समोरून एकदा बऱ्यापैकी ठोकली, बिल ६० हजार झालं, तर झिरो डेप नसलेला गिऱ्हाईक २२-२५ हजार भरून जातो आणि काउंटरवर आमच्याशी भांडतो, आम्ही काय करणार. मुंबईत बेस्टची बस, रिक्षा, टेम्पो सगळे खेटून चालतात. झिरो डेप काढू नका.

रिटायर्ड_क्लेमवाला

मी गप्प बसलो नव्हतो, दमलो होतो :)

बॉडीशॉपवाले म्हणतात ते बिल खरं आहे, पण ६० हजारांचं बिल किती वेळा येतं? बहुतेक वेळा येतो तो बंपर. आता बंपरचाच हिशोब मांडू. या भावाचा ४५ टक्के एनसीबी आहे, म्हणजे एनसीबीआधीचं ओडी साधारण ५२७०. वर्ष बिनक्लेम गेलं तर पुढच्या वर्षी ५० टक्के. मध्येच ९ हजारांच्या बंपरसाठी क्लेम घेतला तर पुढच्या वर्षी एनसीबी शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं परत जिना चढत जायचं. फरकाची बेरीज करा: पहिल्या वर्षी २६३५, मग १५८०, १३१५, ७९०, शेवटी २६५. साडेसहा हजारांच्या वर गेलं, जीएसटी धरून पावणेआठच्या आसपास. गाडी जुनी होते तशी आयडीव्ही उतरते म्हणून थोडं कमी धरा, तरी पाच-सहा हजार कुठे गेले नाहीत. म्हणजे झिरो डेप असूनसुद्धा शहाणा माणूस बंपरचा क्लेम घेणारच नाही, बाहेर चार हजारात रंगवून घेईल. मग ते २३०० कशाला भरले?

झिरो डेप कामाला येतं ते मधल्या अपघाताला, ४० हजार ते लाखभर. त्याच्याही फार वर गेलं तर पुन्हा उपयोग नाही, कारण दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस धरतात आणि आयडीव्हीच मिळते, चोरीलाही तेच. नवीन गाडी, नवीन ड्रायव्हर, लोनचा हप्ता चालू, रोज ईस्टर्न एक्सप्रेसवर, असा माणूस असेल तर मी स्वतः सांगेन घे. शनिवार-रविवारच्या गाडीला सहा वर्षांनंतर जीएसटीसकट २७१४ रुपये दरवर्षी, मला जड वाटतं.

बॉडीशॉपवाला_मुलुंड

बंपरचा हिशोब मान्य. पण एक लिहून ठेवतो, एकदा झिरो डेप सोडलं की पुढच्या वर्षी 'आता द्या' म्हटलं तर बऱ्याच कंपन्या देत नाहीत, किंवा आधी गाडी बघायला माणूस पाठवतात. सोडायचं तर हे माहीत असून सोडा. नंतर माझ्या काउंटरला येऊन रडू नका.

सायनची_मी

मला फक्त इंजिन प्रोटेक्टबद्दल बोलायचंय. बाकी काय काढायचं ते काढा, हे ९०० काढू नका, मुंबईत राहताय.

आमच्याकडे किंग्ज सर्कलला पाणी भरणं म्हणजे दरवर्षीचा सण आहे. साध्या फुल इन्शुरन्समध्ये पुराचं नुकसान मिळतं, सीट, कार्पेट, वायरिंग वगैरे, पण इंजिनमध्ये पाणी ओढलं गेलं आणि रॉड वाकला तर कंपनी म्हणते हे पुरामुळे नाही, तुम्ही पाण्यात सेल मारलात म्हणून झालं. आमच्या शेजारच्या काकांचं अगदी हेच झालं. गाडी रात्रभर पाण्यात होती, सकाळी पाणी उतरलं तसं काकांनी 'बघू तर खरं' म्हणून चावी फिरवली, एकदाच टक् असा आवाज आला आणि संपलं. सर्व्हेअरने एअर फिल्टर काढून दाखवला, आतून ओला चिंब, खाली चिखलाची रेघ. इंजिनचे पैसे मिळाले नाहीत, आतला कपडा-कार्पेटचा क्लेम तेवढा पास झाला.

इंजिन प्रोटेक्ट असलं तरी सेल मारायचा नाही हं. पाणी गेलंय वाटलं तर बॅटरीची वायर काढायची, पाण्याची लाइन कुठपर्यंत आलीये त्याचे फोटो काढायचे, कंपनीला फोन करायचा आणि टो करून न्यायची. टोचा खर्च म्हणून ते रोडसाइडचे २०० पण राहू दे, मोठ्या पावसात प्रायव्हेट टोवाला काय वाट्टेल ते मागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता, तेव्हा कितीतरी लोक गाड्या रस्त्यात सोडून चालत घरी गेले, आमचे बाबा त्यातलेच. भांडुपला पण स्टेशनच्या बाजूला भरतं ना?

भांडुपकर_१९

भरतं ताई, चांगलं भरतं. आमची गल्ली जरा चढावर आहे, पण गणपतीला गाडी गावी जाते तेव्हा कुठे काय लागेल सांगता येत नाही. इंजिन ठेवतो.

क्लेमवाले काका, बाईकच्या पॉलिसीत पीए आहे, बघितलं, १५ लाखच आहे आणि माझ्याच नावावर. ते ३७५ गेले. टायर आणि चावी काढू ना? आणि एका साइटवर माझीच गाडी अजून स्वस्त दिसतेय, ओडी २२१८.

रिटायर्ड_क्लेमवाला

टायर काढा, चावी काढा. साध्या पॉलिसीत नुसता टायर फाटला तर मिळत नाही हे खरं, पण ७०० रुपये भरून सहा वर्षांच्या टायरची चिंता करण्यापेक्षा ते ७०० नवीन टायरच्या डब्यात टाका. एनसीबी प्रोटेक्ट पण काढा, तुम्ही छोटा क्लेम घेणारच नाही असं ठरलं तर त्याचं काय काम. कन्झ्युमेबल्स म्हणजे ऑइल, कूलंट, नट-बोल्ट, मोठ्या अपघातात दोन-चार हजारांचा विषय, काढा.

ती स्वस्त साइट उघडा आणि आयडीव्ही किती धरलीये ते बघून सांगा. सांगायच्या आधीच मला माहितीये.

भांडुपकर_१९

२ लाख ६० हजार.

रिटायर्ड_क्लेमवाला

झालं. पाच वर्षांपर्यंत आयडीव्हीला घसाऱ्याचा तक्ता असतो, चार ते पाच वर्षांला ५० टक्के वगैरे, पाचच्या पुढे कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, म्हणून तिथे खेळायला जागा असते. आकडा छोटा दिसावा म्हणून साइट आयडीव्ही खाली ओढते. तुमचे वाचतात ६८२ रुपये, जीएसटीसकट ८०५, आणि गाडी चोरीला गेली तर ८० हजार कमी हातात येतात. शिवाय २ लाख ६० च्या ७५ टक्के म्हणजे १ लाख ९५, दुरुस्ती त्याच्या वर गेली की गाडी भंगारात आणि तुम्हाला कमी पैसे. उलट्या बाजूने ४ लाख लावून फुगवायचीही गरज नाही. तुमच्या मॉडेलची, तेवढ्याच किलोमीटरची गाडी सेकंड हँड बाजारात कितीला जाते ते बघा, तेवढी लावा, आणि मग तीन कंपन्यांचे कोट त्याच एका आयडीव्हीवर घ्या. नाहीतर तुलना करून काही हाती लागत नाही.

लोकलवाला_पार्टटाइम_ड्रायव्हर

इतकं सगळं झालं आणि कोणी 'पे ॲज यू ड्राइव्ह' काढलंच नाही? विमा नियामक आयआरडीएआयने २०२२ मध्ये परवानगी दिली तेव्हापासून आहे. वर्षाला गाडी किती फिरेल त्याचा स्लॅब निवडायचा, कमी फिरत असेल तर ओडीवर सूट. भाऊ आठवडाभर लोकलने जातो, त्याच्यासाठीच बनवलंय हे. मी घेतलंय. ओडोमीटरचा फोटो काढून ॲपमध्ये टाकायचा, झालं. फक्त किलोमीटर संपले तर काय होतं ते कंपनीगणिक वेगळं असतं, कोणी टॉप-अप देतं, कोणी क्लेममधून कापतं, तेवढं वाचून घे. गावचा फेरा विसरू नको, स्लॅब काठावरचा घेऊ नको.

आणि एक विचारतो, गाडी पेट्रोलच आहे ना? डोंबिवली, कोकण करतोस म्हणून विचारलं.

भांडुपकर_१९

सीएनजी लावलाय ना, दोन वर्षांपूर्वी बाहेरून. आरसीवर नोंद केलेली आहे, आरटीओचं सगळं रीतसर. पॉलिसीत शोधतोय, कुठे दिसत नाहीये. एजंटला तेव्हा आरसीची कॉपी दिली होती.

रिटायर्ड_क्लेमवाला

अहो मग हे पहिल्या ओळीत हवं होतं! बाहेरून बसवलेला किट पॉलिसीत लिहिलेला नसेल तर किटचे पैसे तर नाहीतच, आग लागली किंवा मोठा अपघात झाला तर अख्ख्या क्लेमवर कंपनी बोट ठेवू शकते. खर्च फार नाही. टॅरिफप्रमाणे किटच्या किमतीच्या ४ टक्के ओडीत आणि टीपीत ६० रुपये. ४० हजारांचा किट असेल तर १६००, त्यावर कंपनीचा डिस्काउंट आणि तुमचा एनसीबी लागून चारशेच्या घरात येईल. एजंटला आजच फोन करा आणि रिन्यूअलमध्ये 'बायफ्युएल किट' म्हणून वेगळी लाइन यायला हवी असं सांगा. फोनवर हो म्हणेल, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

निवांत_माणूस

एवढी डोकेफोड करण्यापेक्षा ४०३१. माझं मत तेच आहे.

सायनची_मी

निवांत, तुमची गाडी कुठे उभी असते?

निवांत_माणूस

बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये.

सायनची_मी

तरीच.

पैसे_वाचवा_मंडळ

एक राहिलं, व्हॉलंटरी डिडक्टिबल. 'पहिले अमुक हजार मी भरेन' म्हटलं की सूट मिळते. पण जुन्या टॅरिफमध्ये त्या सुटीला वरून टोपी असायची, २५०० च्या डिडक्टिबलला २० टक्के पण जास्तीत जास्त ७५०, १५ हजारांच्या डिडक्टिबलला ३५ टक्के पण जास्तीत जास्त २५००. ज्याचं ओडीच २९०० आहे त्याला काय मिळणार. मोठ्या एसयूव्हीवाल्याचं गणित वेगळं, तुझ्यासारख्याने १५ हजार अंगावर घेऊ नये. २५०० वाला हवा तर विचार, चहापाण्याएवढे सुटतील.

आणि रिन्यूअल तारखेच्या आधीच कर. एक दिवस जरी गॅप पडला तरी गाडीचं इन्स्पेक्शन मागतात, ९० दिवस उलटले तर ४५ टक्के एनसीबी गेला. गॅपमध्ये पोलिसाने धरलं तर पहिल्या वेळेला २००० दंड, तो वेगळाच. ऑनलाइन भरताना 'मागच्या वर्षी क्लेम घेतला का' या प्रश्नाला खरं उत्तर दे, खोटा एनसीबी नंतर कंपन्या आपापसात तपासतात आणि क्लेमच्या वेळी अडवतात.

बॉडीशॉपवाला_मुलुंड

आणि कॅशलेस गॅरेजची यादी बघून कंपनी निवड. लोक ४०० रुपयांसाठी अशी कंपनी घेतात जिचं भांडुप-मुलुंडला एकही गॅरेज नाही, मग मोडकी गाडी वसईला टो करतात. आमच्याकडे म्हणून सांगत नाही, कुठेही दे, पण घराजवळ दे.

भांडुपकर_१९

अपडेट देतो. एजंटला फोन केला, किटचं म्हटल्यावर आधी 'काही प्रॉब्लेम येत नाही साहेब' सुरू झालं, मग लिहून द्या म्हटल्यावर दहा मिनिटांत नवीन कोटेशन आलं, यावरूनच काय ते समजलो. आयडीव्ही ३ लाख ४० तीच, किट धरून आणि कमी किलोमीटरची सूट लावून ओडी २८००, टीपी ३४१६, किटचे टीपीत ६०, इंजिन ९००, रोडसाइड २००. जीएसटीसकट ८७०४. दुसऱ्या एका कंपनीचा ऑनलाइन याच आयडीव्हीवर जवळपास ३०० कमी आहे पण त्यांचं जवळचं गॅरेज ठाण्याला घोडबंदरच्या बाजूला. एजंटचाच घेतोय. झिरो डेप सोडलं, बॉडीशॉपवाले भाऊ रागावू नका. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली मग आता ठोकू नकोस.

बॉडीशॉपवाला_मुलुंड

रागावतो कशाला, वहिनी बरोबर बोलतायत. ठोकलीस तर बिल घेऊन ये, रंगाच्या कामात डिस्काउंट देईन.

रिटायर्ड_क्लेमवाला

छान. पॉलिसीची पीडीएफ आली की पैसे भरले म्हणून तशीच मेलमध्ये ठेवून देऊ नका, उघडून चार गोष्टी बघा, इंजिन आणि चॅसी नंबर आरसीशी जुळतोय का, एनसीबी ४५ च आहे का, इंजिन प्रोटेक्टचं नाव ॲड-ऑनमध्ये आलंय का आणि बायफ्युएलची लाइन आहे का. चूक निघाली तर तेव्हाच एन्डॉर्समेंट (पॉलिसीत दुरुस्ती) करून घ्या, अपघातानंतर कोणी दुरुस्त करून देत नाही. आणि गाडीच्या दोन्ही चाव्या जपा, एक हरवली असेल तर आत्ताच पोलिसात नोंद करून नवीन बनवा, कारण चोरीच्या क्लेमला कंपनी दोन्ही चाव्या मागते. कधी क्लेमवरून कंपनीशी वाजलंच तर आधी कंपनीच्या तक्रार विभागात लेखी द्यायचं, महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर सांताक्रूझला विमा लोकपालाचं ऑफिस आहे, तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

भांडुपकर_१९

काका दुसरी चावी सासुरवाडीला आहे बहुतेक, रविवारी जाऊन आणतो. पीडीएफ आली की इथेच टाकतो, नाव-नंबर झाकून.